बशी वाजते तोवर

कोजागिरीच्या रात्री आमच्या घरात चंद्राच्या आधी एक आवाज उगवायचा. टक्... टक्... टकटक. स्वयंपाकघरात चुलीवर मोठे पितळी पातेले चढलेले असायचे आणि त्याच्या तळाशी पालथी घातलेली चिनी मातीची बशी तापत्या दुधात नाचू लागलेली असायची. अंगणात सतरंज्या पडत. पोरांची पकडापकडी, पुरुषांचे पत्ते, आत्यांच्या गप्पा असा सगळा गलका चालू असे. पण त्या गलक्याच्या खालून बशीचा आवाज सतत ऐकू यायचा. त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. दूध चढले आहे, आणि थोरल्या काकू त्याच्यापाशी बसल्या आहेत.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना तळेगाव मागे पडले की वडगाव मावळ येते. आहे तालुक्याचे गाव. पण माझ्या लहानपणी कचेरीच्या वेळा संपल्या की ते पुन्हा साधे खेडे होऊन जाई. पोटोबाचे देऊळ, बाजार, मागे भातखाचरे आणि त्यांच्याही मागे डोंगरांची निळी रेघ. आश्विनात हा मुलूख जसा दिसतो तसा वर्षात पुन्हा कधी दिसत नाही. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, निदान ओसरला असावा अशी आशा असते. इंद्रायणी भात लोंबीवर आलेला असतो आणि संध्याकाळी बांधावरून चालले तर त्याचा वास पायांबरोबर घरापर्यंत येतो. त्या वासात उकळत्या दुधाचा आणि वेलदोड्याचा वास मिसळला की आमची कोजागिरी सुरू झाली.

या रात्री लक्ष्मी पृथ्वीवर उतरते आणि ‘को जागर्ति?’, कोण जागे आहे, असे विचारत दारोदार फिरते, ही कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. मात्र कोजागिरीचे जुने व्रत वाचायला घेतले की एक गंमत ध्यानात येते. त्यात लक्ष्मी आहे, ऐरावतावर बसलेला इंद्र आहे, पोहे आहेत, नारळाचे पाणी आहे, जागरणासाठी चक्क फाशांचा खेळसुद्धा आहे. पण आज ज्याच्यावाचून कोजागिरीची कल्पनाच करवत नाही ते आटीव, केशरी, मसाल्याचे दूध तिथे मध्यभागी दिसत नाही. फासे गेले, त्यांच्या जागी पत्ते आणि गाण्याच्या भेंड्या आल्या. पोह्यांचा चिवडा झाला. नारळाचे पाणी मागे सरले आणि दूध पुढे आले. हे कधी झाले याच्या वादात मी पडत नाही. का झाले असावे याचा अंदाज मात्र गोठ्यात उभे राहिले की आपोआप येतो.

म्हैस हंगामाने विणारी असते. आपल्याकडच्या पुष्कळशा म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत वितात. चार महिने हिरवा चारा खाल्लेला, वासरू नुकतेच झालेले, त्यामुळे आश्विन लागला की दुधाला पूर येतो. वर हवा स्वच्छ आणि रात्री जरा गारवा. गरम दूध प्यावेसे वाटायला हा गारवा लागतो; मे महिन्यातल्या पौर्णिमेला कोणी गरम दुधाचा पेला पुढे केला तर आपण पंखा लावायला सांगू. गोठ्यात दूध उतू जात असेल आणि आकाशात चांदणे उतू जात असेल, तर माणसांनी दोन्हींची गाठ घालून दिली यात नवल कसले?

आमच्या गोठ्यात तेव्हा पाच म्हशी होत्या. एरवी त्यांचे दूध घराला पुरते ना पुरते एवढेच ठेवून बाकीचे पुण्याला जाई. मावळातल्या दुधाची आणि रेल्वेची दोस्ती जुनी. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तेव्हापासून कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशा प्रत्येक फलाटावर दुधाच्या किटल्या घेऊन उभे असलेले गवळी हे त्या गाडीचे ओळखचिन्ह झाले. डब्याच्या खिडक्यांच्या गजांना बाहेरून अडकवलेल्या किटल्या गाडीबरोबर हिंदकळत जाताना मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. कोजागिरीच्या दिवशी पुण्यातल्या गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर भाव चढतो, हे मावळातल्या पोरालाही माहीत होते. म्हणजे वर्षातले सगळ्यात जास्त पैसे ज्या दिवशी मिळायचे, नेमक्या त्याच दिवशी आमच्या घरातली संध्याकाळची एकही किटली स्टेशनवर जात नसे. आजोबांचा हिशेब पैशापैशाचा असायचा. घरात पोस्टकार्ड लिहायचे तर मजकूर आधी सांगावा लागे. पण त्या संध्याकाळच्या दुधाचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. एक दिवस दूध विकायचे नाही एवढेच ते म्हणत.

दुधाची तयारी दसऱ्याच्या आधीच सुरू होई. कल्हईवाला यायचा. वाड्यासमोर खड्डा खणून, भाता लावून तो कोळसे फुलवी. भांडे लालबुंद तापले की नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो एक गरगरीत हात फिरवी. काळपट पितळ आतून चांदीसारखे होऊन बाहेर येई. आम्हा पोरांना ती जादू वाटे. काकूंना ती गरज होती. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दूध कळकते. काकू पातेले उन्हाकडे धरून आतून निरखीत आणि नखाएवढी जागा सुटलेली दिसली तरी ते परत पाठवीत. हे पातेले वर्षातून मोजून तीनचारदा चुलीवर चढे, पण चढे तेव्हा त्याच्यावर तीस माणसांची भिस्त असे.

आता प्रत्यक्ष दूध. मसाल्याच्या दुधाला कृती ती काय, दूध उकळायचे आणि मसाला टाकायचा, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पाच लिटर दूध धडपणे आटवून पाहावे.

काकू पातेले आधी गार पाण्याने विसळून घेत आणि न पुसता तसेच ओले ठेवून त्यात दूध ओतीत. तळाला पाण्याचा पातळ थर राहिला की दूध चटकन धरत नाही. मग ती पालथी बशी. खालून येणारे बुडबुडे तिच्या पोटात साठतात, तिला उचलतात आणि निसटतात. ती आपटते तो आवाज. तळाचे दूध हलते राहावे म्हणून ती घालायची. पण काकूंच्या लेखी तिचा खरा उपयोग वर्दी देण्याचा होता. आवाज एकसारखा येतोय तोवर सगळे ठीक. घाईघाईने आदळायला लागली तर जाळ मोठा झाला. आणि गप्प झाली तर धावा, कारण तिच्याखाली साय-खवा जमून दूध तळाला धरू लागले आहे.

पहिली उकळी मोठ्या आचेवर, त्यानंतर लाकडे ओढून घ्यायची. मग सुरू होते ते खरे काम, म्हणजे ढवळणे. दुधातली प्रथिने आणि साखर तळाशी बसतात आणि तिथे ती करपली की तो वास साऱ्या पातेल्यात जातो. तो पुढे केशराने झाकत नाही, वेलदोड्याने तर नाहीच. म्हणून उलथन्याचा सपाट कड तळावरून फिरला पाहिजे. वरवर गोल गोल डाव फिरवणे म्हणजे ढवळणे नव्हे. काकू त्याला ‘दुधाला वारा घालणे’ म्हणत. कडेला धरलेली साय खरवडून परत आत सोडायची. बासुंदी करायची तर दूध निम्म्यावर आणतात. मसाल्याच्या दुधाला तेवढे नको. चार पेल्यांचे तीन पेले झाले की थांबावे. ते पेल्यातून पिता आले पाहिजे, चमचा मागणारे दूध कोजागिरीचे नव्हे. अर्थात दोन लिटर दुधाचे दीड लिटर व्हायलासुद्धा मंद आचेवर पाऊण तास सहज जातो. आमच्या पातेल्याला अडीच-तीन तास लागत. ते तीन तास कुणीतरी तिथे बसणे भाग होते, आणि ते कुणीतरी म्हणजे काकू.

साखर दूध आटल्यावरच घालायची. दोन लिटरला दीडशे ग्रॅम घाला, गोडघाशांनी दोनशे. साखर पडली की दूध पुन्हा जरा पातळ होते, म्हणून त्यानंतर पाच-सात मिनिटे आणखी ढवळावे. नवखे लोक इथे घाबरून साखरेला दोष देतात. साखर आधीच घातली तर दूध तळाला धरण्याची शक्यता वाढते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

मसाल्यात काकूंचे वैशिष्ट्य होते ते हाताच्या आखडतेपणाचे. भिजवून सोललेले बदाम, अर्धे वाटलेले आणि अर्धे काप केलेले. थोडे पिस्ते. चारोळी कोरडीच किंचित भाजलेली. पण घालण्यापूर्वी दोन दाणे दाताखाली धरून पाहायचे, कारण एक मूठ खवट चारोळी पाच म्हशींची मेहनत वाया घालवते. वेलदोडे चमचाभर साखरेबरोबर कुटायचे म्हणजे बारीक होतात. केशर कोमट दुधात आधी खलून ठेवायचे. अस्सल केशर घाई करीत नाही. ते हळूहळू पिवळे होत जाते. टाकताक्षणी लालभडक रंग सोडू लागले तर दुकानदार बदला. आणि सगळ्यात शेवटी, पातेले उतरवल्यावर, सहाणेवर उगाळलेले जायफळ. तेही इतके थोडे, की आहे असे कळावे पण कुठे आहे ते सांगता येऊ नये.

या जायफळाचे मला नेहमी हसू येते. जागरणाच्या रात्रीच्या दुधात जायफळ, म्हणजे तान्ह्या पोराला झोप यावी म्हणून आपण जे घुटीत उगाळतो तेच! देवी विचारणार कोण जागे आहे, आणि आपण झोपेचे साधन गोड करून पिऊन बसलेले. इवल्याशा या फळासाठी जगाने काय काय केले आहे. एके काळी जायफळ फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर पिकत असे. त्यातल्या रन नावाच्या चिमुकल्या बेटावरचा हक्क इंग्रजांनी सोडला आणि डचांनी अमेरिकेतल्या मॅनहॅटनवरचा, हे ठरले ते १६६७ च्या ब्रेडाच्या तहात. तहाचे आम्हा वडगावकरांना कौतुक सांगू नये, कारण एक तह आमच्याही नावावर आहे. जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी तळेगावाहून मागे फिरताना इथेच गाठले आणि गुडघे टेकायला लावले. वॉरन हेस्टिंग्जने तो तह पुढे मानलाच नाही ही गोष्ट वेगळी. पण महादजी शिंद्यांचा विषय अंगणात निघाला की दूध होईपर्यंत पुरत असे. कार्ल्याला मारला गेलेला कॅप्टन स्ट्युअर्ट, आमचा ‘इष्टुर फाकडा’, झाडावरून नेमका कसा पडला याच्या तीन वेगवेगळ्या हकिगती तीन काका सांगत.

आणि हे सारे चालू असताना काकू आत चुलीपाशी.

मला हे तेव्हा खटकत नव्हते, हे कबूल केले पाहिजे. काकू आत असणे हे चंद्र वर असण्याइतकेच स्वाभाविक वाटे. दूध तयार झाले की दोन काका ते पातेले धरून अंगणात तुळशीपाशी आणून ठेवीत. वर मलमलीचे फडके. चंद्र डोक्यावर यायला मध्यरात्र होते. तेवढा वेळ ते चांदण्यात राहायचे. फडके बाजूला केले की दुधात चंद्र दिसे, आणि तो आधी कोण पाहतो यावर आम्हा भावंडांत मारामारी. मग नैवेद्य, मग पेले. पुरुष, पोरे, पाहुण्या आत्या. काकूंचा पेला सगळ्यात शेवटी, आणि तोही त्या पुष्कळदा आतच घेत, कारण चुलीवर एव्हाना उद्याच्या अंघोळीचे पाणी चढलेले असे.

त्या रात्रीला आणखी एक विधी असतो. पंचांगात त्याला ज्येष्ठापत्य नीरांजन म्हणतात. आमच्याकडे नुसते ‘आश्विनी करणे’. घरातल्या थोरल्या अपत्याला पाटावर बसवून ओवाळायचे, नवे काहीतरी द्यायचे. आमच्या घरात पाटावर बसायचा तो काकूंचा मुलगा, म्हणजे दादा. त्याच्याहून वर्षा-दीड वर्षाने मोठी होती ताई, पण तिला कोणी पाटावर बसवत नसे. पूर्वीपासून तसेच होते. आजोबांच्या वेळी त्यांची थोरली बहीण बाजूला उभी राहून बघायची, वडिलांच्या वेळी आत्या.

लोकल सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षाची, १९७९ ची कोजागिरी. ताई तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. शाळेत संस्कृत नुकतेच सुरू झालेले. तिने सकाळी पंचांग उघडले आणि रात्री, दादा पाटावर बसत असताना, सगळ्यांच्या देखत आजोबांना विचारले, “आजोबा, अपत्य म्हणजे मुलगाच असतो का हो?”

अंगणात एकदम शांतता पसरली. पत्ते थांबले. आजोबा काही बोलले नाहीत. ते पानदानातली सुपारी शोधत राहिले. आई, आत्या, सगळ्या खाली बघत होत्या. आणि मग स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या दिसल्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम, हाताला दूध. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. कोनाड्याशेजारचा दुसरा पाट उचलला, दादाच्या शेजारी मांडला, ताईला खांद्याला धरून त्यावर बसवले आणि निरांजन हातात घेतले. आधी ताईला ओवाळले, मग दादाला. दादाला त्यात काहीच वावगे वाटले नाही, तो आपला नव्या टोपीकडे बघत होता. ताई मात्र रडत होती.

किती वेळ गेला असेल? पाच मिनिटे, सात मिनिटे. आत बशीचा आवाज थांबलेला होता, आणि तो थांबल्याचे तीस माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. मग वास आला.

काकू आत धावल्या. अशा वेळी काय करायचे ते त्यांना ठाऊक होते. तळ अजिबात न खरवडता वरचे दूध तेवढे दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचे. ते त्यांनी केले. पण उशीर झाला होता. करपट वास दुधात उतरला होता. अंगणात पातेले आले. पेले भरले गेले. आता आजोबा काय म्हणतात इकडे सगळ्यांचे लक्ष. आजोबांनी पेला तोंडाला लावला, थांबले, आणि मग सावकाश पूर्ण रिकामा केला. पेला पुढे करून म्हणाले, “आणखी अर्धा घाला.” त्या रात्री आम्ही सगळ्यांनी ते करपलेले दूध प्यायले, कोणी एक अक्षर बोलले नाही. पुढच्या वर्षी दोन पाट आपोआप मांडले गेले.

यानंतरची वर्षे मी भराभर सांगतो, कारण ती प्रत्येक घरात साधारण सारखीच आहेत. आजोबा गेले. वाटण्या झाल्या. म्हशी पाचाच्या दोन, दोनाची एक झाली, आणि मग गोठ्याच्या जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. द्रुतगती महामार्ग २००२ साली पुरा झाला आणि आमच्या डोंगराला रात्रभर दिव्यांची हलती माळ आली. वाड्याच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. अंगण गेले, गच्ची आली. कल्हईवाला यायचा कधी बंद झाला ते कोणालाच आठवत नाही. दूध पिशवीतून येऊ लागले. एका वर्षी काकूंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते म्हणून दूध करण्याची हौस मी केली. दुकानातला तयार मसाला, सकाळच्या आणि आदल्या दिवशीच्या पिशव्या एकत्र. पहिल्या उकळीलाच दूध फाटले. शिळ्या दुधाचा आंबटपणा ताज्याला घेऊन बुडतो, ही साधी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. काकू डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून पलंगावर होत्या. त्या हसून म्हणाल्या, “पनीर चांगलं झालंय म्हणे.”

तरी कोजागिरी मोडली नाही. दिवाळीला आता सगळे आपापल्या घरी असतात, गणपतीला सुट्ट्या जुळत नाहीत; पण कोजागिरीला चार घरे एका गच्चीवर जमतात. २०२३ साली मात्र मोठाच पेच पडला. २८ ऑक्टोबरची कोजागिरी आणि त्याच रात्री एक वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारे खंडग्रास चंद्रग्रहण. वेध दुपारपासूनच. मग दूध करायचे की नाही? कोणी म्हणे प्रसादापुरते चमचाभर घ्या आणि उरलेले दुसऱ्या दिवशी प्या. कोणी म्हणे हे सगळे थोतांड आहे, भरपूर प्या. कुटुंबाच्या मोबाइलवरच्या गटात दिवसभर शास्त्रार्थ चालला. शेवटी सगळे काकूंकडे. त्या म्हणाल्या, “दुधात तुळशीचं पान टाका. ज्याला प्यायचं त्याने प्यावं, ज्याला नाही त्याने नुसतं ढवळावं. ढवळायला वेध नसतात.” भक्त आणि बंडखोर दोघेही निरुत्तर.

ताईचा मुलगा लंडनजवळ राहतो. तिथल्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची, त्यामुळे कोजागिरी तिथेही पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. पौर्णिमा असेल त्याच्या जवळच्या शनिवारी काही घरे एकत्र जमतात. चंद्र ढगांत, माणसे काचेच्या आत, पण दूध असते. एकदा त्याने काकूंना फोनवर कौतुकाने सांगितले, की आजी, इथे डब्यातले आटवलेले दूधच मिळते, ते ओतायचे, मसाला घालायचा, दहा मिनिटांत काम होते. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि मग तुम्ही जागता कशासाठी?”

तो गडबडला. मीही गडबडलो, कारण तोवर माझेही मत डब्याच्या बाजूने झुकू लागले होते. मला वाटायचे, त्या तीन तासांनीच काकूंना एवढी वर्षे आत डांबले. डबा मिळाला असता तर त्या अंगणात येऊन बसल्या असत्या, बिघडले काय असते? याचे उत्तर अजूनही मला धड देता येत नाही. पण ताईने त्यातून जो मार्ग काढला तो सांगतो.

गेल्या कोजागिरीला तिने शेगडीच गच्चीवर आणली. लांब नळीची, लग्नकार्यातली. पातेले स्टीलचे, जाड बुडाचे. बशी मात्र तीच, एका कडेला टवका उडालेली. तिने भिंतीवर खडूने नावे लिहिली, दर पंधरा मिनिटांना एक. दादा, मी, सुना, जावई, नातवंडे, सगळे. जावयाने आधी गुडघ्याचे निमित्त सांगितले. त्याला स्टूल मिळाले. काकूंचे नाव यादीत नव्हते. त्यांच्यासाठी वेताची खुर्ची चंद्राकडे तोंड करून, म्हणजे पातेल्याकडे पाठ करून मांडली होती. त्या प्रथम बसायलाच तयार नव्हत्या. बसल्या तर दर मिनिटाला मान वळवीत. “तळावरून फिरव,” “कडेची साय,” “जाळ केवढा तो!” मग हळूहळू गप्प झाल्या. शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून चंद्र बाजूला सरकला आणि गच्चीभर चांदणे आले. वयाच्या ऐंशीनंतर, या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, काकू कोजागिरीच्या चंद्रासमोर काहीही न करता बसल्या होत्या. लोणावळ्याची लोकल शिटी देऊन गेली. ताई आणि दादा पाटावर बसले, दोघेही साठीला टेकलेले, ओवाळून झाले. कुणीतरी महादजी शिंद्यांचा विषय काढला. इष्टुर फाकडा झाडावरून नेमका कसा पडला हे मी नातवंडांना अगदी रंगवून सांगू लागलो. चौथी हकिगत आता माझी आहे.

काकूंचे डोळे मिटलेले होते. आम्हाला वाटले, डोळा लागला.

“बशी थांबली,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “कोण आहे रे पातेल्यापाशी?”

भिंतीवर खडूने माझे नाव लिहिलेले होते. मी उठून धावलो.